नाखवांची बुरशी
नाखवा वाक्याच्या मधेच श्वास रोखायचे. "मीना, तुझ्या लग्नाचं..." म्हणत ते बुरशीची ताटली उघडायचे आणि बोलणं बंद. तोंड मिटलेलं, गाल फुगलेले. अर्ध्या मिनिटानं झाकण बसलं की "...जमलं काय गो?" असा उरलेला प्रश्न बाहेर पडायचा. तोवर मी कधीकधी शेजारच्या खोलीत गेलेले असायचे.

नव्वदच्या दशकात ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी नवी टेक्निशियन होते आणि नाखवा सीनियर. चेंदणी कोळीवाड्यातले. घरच्या होड्या भावांनी सांभाळल्या, यांनी रोगाची बुरशी. तिला ते 'बाय' म्हणायचे.

"बायला कलतं," ते सांगायचे. "बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड नावापुरता. माणसाच्या आत शंभरपट. आपला श्वास लागला तर तिला वाटेल, पोचले मी घरात."

"मग काय करते?"

"कपडे बदलते." म्हणजे एक जात स्वतःभोवती जाड आवरण चढवते, शरीराच्या पांढऱ्या पेशींना ती गिळता येऊ नये म्हणून. दुसरी लांब धागे काढून मांसात घुसते. हे सगळं ते घरातल्या सुनेबद्दल बोलावं तसं, थोडं वैतागून, थोडं कौतुकानं सांगायचे.

ती शरीरात कशी दिसते हे बघायचं असेल तर ताटली मोठ्या बरणीत ठेवायची, आत मेणबत्ती पेटवायची आणि झाकण घट्ट लावायचं. मेणबत्ती विझेपर्यंत आतला कार्बन डायऑक्साइड वाढतो. स्टोअरच्या क्लार्कला हे कधीच पटलं नाही. मेणबत्त्या कशासाठी, असं तो लेखी विचारायचा. नाखवा लेखी उत्तर द्यायचे, 'पाहुणीसाठी.' आम्ही जेवणाच्या सुट्टीत त्यांची नक्कल करून हसायचो. मीच जास्त चांगली करायचे.

मग विलास आला. शहाडचा, सव्वीस वर्षांचा, गॅरेजमध्ये काम करणारा. ज्या आजाराचं नाव तेव्हा लोक कुजबुजत घ्यायचे, तो त्याला होता. मोठा भाऊ त्याला दाखल करून गेला तो परत आलाच नाही. आईला त्यानं सांगितलं, विलास सुरतेला कामाला गेलाय.

विलासच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात नाखवांना बुरशीची शंका आली, पण पेशी जेमतेम दोन दिसल्या. "बरणीत लाव, मेणबत्तीसकट," मला सांगून ते तीन दिवस रजेवर गेले. मी ताटली बरणीशिवाय, नुसतीच उबेच्या पेटीत ठेवली. मेणबत्तीचा तो सोपस्कार मला पोरकट वाटायचा. बुरशी उगवली, पण तिच्यावर आवरण दिसेना. डॉक्टर म्हणाले, ही हवेतली कुठलीतरी असेल, पुन्हा करा. त्यात तीन दिवस गेले, आणि औषधही तेवढंच लांबलं.

नाखवा परत आले आणि पेटी बघताच त्यांना काय ते कळलं. डॉक्टरांना म्हणाले, "माझीच चूक. मेणबत्ती राहिली."

मी तिथेच उभी होते.

त्यानंतर ते रोज जेवणाच्या सुट्टीत वॉर्डात जाऊ लागले. मला वाटलं, नमुने आणायला जातात. एकदा म्हणाले, "तू पन चल. म्हाताऱ्याला ऐकून कंटाळलाय तो. तुझ्याच वयाचा हाय." मी म्हटलं, उद्या येते. असं तीनचारदा म्हटलं. खरं तर मला भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा त्याच्या तोंडाकडे बघायची लाज.

विलास महिन्याभरात गेला. तीन दिवसांनी फरक पडला नसता, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

आठवड्यानं त्याची राहिलेली पिशवी घेऊन ते निघाले. मी कल्याणची, तिकडची माहितगार, म्हणून मलाही सोबत नेलं. शहाडला नदीच्या बाजूला दोन खोल्यांचं घर होतं. आईला आता सगळं कळलं होतं. तिनं पिशवीतला स्वेटर काढून मांडीवर ठेवला.

"शेवटी कोन होतं त्याच्याजवळ?"

"आम्ही दोघं होतो," नाखवा म्हणाले. "ही पन रोज यायची."

मी चहाचा कप खाली ठेवला. आई माझ्याजवळ सरकली आणि तिनं माझा हात धरला.

"काय बोलायचा गं तुझ्याशी?"

काहीतरी सांगायलाच हवं होतं. मी म्हटलं, "तुमच्या हातच्या जेवणाची आठवण काढायचा."

"कशाची?"

मला ते ठाऊक नव्हतं.

"वालाच्या बिरड्याची," नाखवा हळूच म्हणाले. "खोबरं जास्त घातलेल्या."

आईनं मान हलवली. हात मात्र तिनं माझाच धरून ठेवला.