स्पीकरसाठी झाकलेला आरसा

गुरुवारी सकाळी शुक्री इंजिनिअरने दिवाणखान्यातला आरसा झाकायचं ठरवलं. एवढंच. माणूस निवृत्त झाला की ऑफिसात त्याचं कोणी ऐकत नाही, घरात तर आधीपासूनच ऐकत नसतात; मग तो सामान सरकवत बसतो. शुक्रीने तीस वर्षं कैरोच्या पाटबंधारे खात्यात फायली सरकवल्या होत्या, त्यामुळे हात सवयीचा होता.

निमित्त होतं दोन स्पीकरचं. छातीएवढे उंच, अक्रोडाच्या लाकडाचे. किंमत ऐकल्यावर अफकारने, म्हणजे बायकोने, आधी खुर्ची शोधली होती. पैसे स्वयंपाकघर नवं करायला ठेवलेले. दुकानदार म्हणाला, दहा दिवस घरी लावून ऐका, पसंत नसतील तर गुरुवारी दुपारी माझा माणूस येऊन घेऊन जाईल. अफकारची अट साधी होती.

"मी माझ्या तोंडाने छान म्हटलं तर राहतील. नाहीतर नवा ओटा."

नऊ दिवसांत ती एकदाही छान म्हणाली नव्हती. "विहिरीत पडून कोणीतरी ओरडतंय," असं मात्र म्हणाली होती. वाईट हे, की ते खरं होतं. चौथ्या मजल्यावरच्या त्या दिवाणखान्यात संगमरवरी फरशी, काचेचं कपाट आणि भिंतभर सोनेरी चौकटीचा आरसा. आवाज स्पीकरमधून निघायचा, आरशावर आपटायचा, कपाटातले पेले किणकिणवायचा आणि दुसऱ्यांदा कानात शिरायचा. शंभर तास वाजवले की स्पीकर मोकळे होतात, असं माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं. (मोकळी मी कधी होणार, ते त्यात लिहिलंय का, असं अफकारने विचारलं होतं.)

"आज गाणी नकोत," बाहेर पडताना ती म्हणाली. "नऊ दिवस तोच ढोल! लावायचंच असेल तर कुराणपठण लाव. घराला बरकत तरी येईल."

ती भाजीला गेली आणि शुक्री कामाला लागला. आरशावर काळं घोंगडं टाकलं. सोनेरी खुर्च्या उचलून चारी भिंतींना ओळीने लावल्या. वॉचमन बखीतला बोलावून काचेचं कपाट जिन्यात नेऊन ठेवलं. खर्ज तरीही घुमत होता, म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या, दारही उघडं टाकलं. मग एका जुन्या नामवंत शेखचं पठण मोठ्या आवाजात लावलं आणि शेवटच्या परीक्षेसाठी तो आतल्या खोलीत गेला. परीक्षा अशी, की शेजारच्या खोलीतून ऐकताना तिकडे जिवंत माणूस बसलाय असं वाटलं पाहिजे. शुक्रीने पलंगावर पडून डोळे मिटले. पाच मिनिटांत परीक्षक घोरायला लागले.

आता हेच रस्त्यावरून पाहा. सगळ्या खिडक्यांतून पठण. दार सताड उघडं. कपाट जिन्यात. आरशावर काळं कापड, भिंतींना खुर्च्या. आणि घरधन्याचा पत्ता नाही. कैरोच्या या दुक्की वस्तीतल्या कोणालाही विचारा, त्या घरात कोण गेलंय.

तिसऱ्या मजल्यावरचे ब्रिगेडियर रिफअत सगळ्यांत आधी आले. मग काळ्या कपड्यांतल्या बायका. कोणीतरी अफकारच्या स्वयंपाकघरात मयताच्या घरची बिनसाखरेची कॉफी चढवली. अर्ध्या तासात तीस माणसं.

"काल जिन्यात भेटला होता," ब्रिगेडियर कुजबुजले. "तोंड उतरलेलं होतं."

"त्या स्पीकरची किंमत ऐकलीत का?"

"मग त्यानेच गेला."

खाली फाटकापाशी अफकारला पाहून बखीत उठला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाईसाहेब, त्यांचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो."

"कोणाचं?"

बखीतने मान खाली घातली. पिशवी पडली, टमाटे रस्त्यावर घरंगळले. एरवी तीनदा दम खाऊन जिना चढणारी अफकार त्या दिवशी एकदाही थांबली नाही.

वर शुक्रीला जाग आली. काहीतरी बदललं होतं. घुमणं गेलं होतं! शेखचा आवाज खोलीच्या मधोमध जिवंत माणसासारखा उभा होता. तो पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात धावत बाहेर आला. तीस माणसं, पायघोळ गलाबिया, शाली, काळे झगे; सगळे गपचूप आवाज पीत बसलेले. दुसऱ्या कोणी विचारलं असतं, कोण गेलं? शुक्रीने दोन्ही हात वर केले.

"कोणीही हलू नका!"

एक बाई किंचाळली. ब्रिगेडियरांची कॉफी मांडीवर सांडली. तेवढ्यात दारात धापा टाकत अफकार.

"अफकार, तिथेच थांब! आता ऐक. कसं आहे?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. पायजमा, उभे केस, हलणारं तोंड. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"छान," ती म्हणाली. "छान आहे. खूप छान आहे."

"ऐकलंत? सगळे साक्षीदार आहात!"

आपल्याला काय विचारलं होतं ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिने पायातली चप्पल काढली.

"आधी पठण बंद करा, मग भांडा," ब्रिगेडियर ओरडले आणि स्वतःच बटण दाबलं.

"ब्रिगेडियर साहेब, आवाज कसा वाटला?"

"कसला आवाज? शेख कुठल्या खोलीत बसलेत, ते मी शोधत होतो."

शुक्रीने त्यांचा मुकाच घेतला असता. हीच तर परीक्षा! लोक मात्र उठले होते. काही हसत होते, बरेचसे चिडले होते. एका बाईने आणलेला भाताचा टोप उचलून परत नेला. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक अनोळखी माणूस कप ठेवत उठला.

"मी दुकानातून आलोय. अशा वेळी स्पीकरचं कसं विचारणार, म्हणून बसून राहिलो. राहणार, की नेऊ?"

"राहणार! बाईंनी छान म्हटलंय," शुक्री म्हणाला.

अफकारने एकच टाळी वाजवली. एव्हाना रिकाम्या होत आलेल्या खोलीतून ती तीनदा परत आली.

"ऐकलंस? माणसं गेली, विहीर आली. हे छान वाजायला तुला रोज मरावं लागेल, शुक्री. आणि ही माणसं पुन्हा येणार नाहीत, खरोखर गेलास तरी."

"अजिबात नाही," पँट पुसत ब्रिगेडियर म्हणाले.

स्पीकर गेले. शुक्री तोंड पाडून आरशावरचं घोंगडं ओढायला लागला.

"ते राहू दे," अफकार म्हणाली.

"का? आता आवाज कुठे दोनदा येतोय?"

"आवाज नाही," ती म्हणाली. "तुझं तोंड."