सगळ्यात वर दादा

त्या सकाळी मी फक्त एवढंच ठरवलं, की फोनवर शोधलं तर आमचं दुकान कितव्या नंबरवर येतं ते बघायचं. चहा गार व्हायच्या आत काम उरकेल असा अंदाज होता. चहा गार झाला. पाठोपाठ मीही.

आमचं दुकान म्हणजे बाबांचं. पंखे, वॉशिंग मशीन, इस्त्र्या दुरुस्त करून देतो. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं (कॉलेज म्हणतं, त्यांनी मला सोडलं, ह्यावर एकमत नाही) आणि तेव्हापासून तिथेच बसतो. तर ‘वॉशिंग मशीन दुरुस्ती’ असं टाकलं आणि पहिलंच नाव आलं दादाचं.

दादा म्हणजे काकांचा मुलगा. दुरुस्ती शिकला बाबांच्या टेबलावर आणि दुकान थाटलं दोन गल्ल्या सोडून, काचेच्या दाराचं. मी बोटाने खाली खाली जात राहिलो. पाचवं नाव, दहावं नाव, पहिलं पान संपलं. दुसऱ्या पानावर एक शिकवणी, एक बंद पडलेली लाँड्री आणि तिच्याही खाली आम्ही!

मार्कांत हा माणूस माझ्या वर, उंचीत वर, घरातल्या प्रत्येक भांडणात उदाहरण म्हणून सगळ्यात वर. फोन तेवढा बाकी राहिला होता.

“बाबा, आपण दुसऱ्या पानावर आहोत.”

“मग? लोक काय एका पानावर पुस्तक सोडून देतात?”

“हो.”

“तू सोडलंस म्हणून सगळे सोडत नाहीत.”

मी दात-ओठ खाल्ले. मग म्हटलं, ह्यांना ह्यांच्याच हाताने दाखवू. बाथरूमचा नळ आठवडाभर गळत होता. बाबांच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, “एखादा प्लंबर शोधा बघू.” बाबांनी चष्मा लावला, शोधलं आणि क्षणात पहिल्या नावावर बोट ठेवलं.

“खालचे नऊ का नाही बघितले?”

“वरचा आहे म्हणजे चांगलाच असणार. उगाच कोण वर बसवतंय?”

“मग आपल्यापर्यंत कोण येणार?”

“ज्याला चांगलं काम हवंय, तो शोधत येईल.”

(ह्या पिढीचं डोकं मला एकदा उघडून बघायचंय. आत दोन वेगवेगळ्या वायरी असणार, एक स्वतःसाठी आणि एक जगासाठी.)

“एवढं कळतं ना तुला?” बाबा म्हणाले. “मग आण आपल्याला वर. एक महिना देतो. नाही जमलं, तर दादाच्या दुकानात त्याच्या हाताखाली जायचं. तो घ्यायला तयार आहे.”

“तुम्ही त्याला विचारलंत?”

“त्यानेच विचारलं. मनाने मोठा आहे.”

म्हणजे मनानेही वरच!

मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. दुकानाची साइट नव्याने लिहिली, बाबांचा हसरा फोटो टाकला (जुना होता, नवा हसरा मिळेना). मग काका-काकूंना वगळून नातेवाइकांचा वेगळा ग्रुप काढला. आई, आत्या, मामा, मावश्या धरून नऊ जण. सगळ्यांना लिहिलं, ‘रोज सकाळी वॉशिंग मशीन दुरुस्ती शोधा, दुसऱ्या पानावर जा, बाबांच्या दुकानाचं नाव दाबा.’ नऊच्या नऊ अंगठे आले.

मी स्वतः दिवसातून चाळीस वेळा दाबत होतो. पहिल्या आठवड्यात आम्ही आठवे झालो, दुसऱ्यात तिसरे आणि अठराव्या दिवशी पहिले! दादा आमच्या खाली! मी फोन घेऊन तडक काचेचं दार ढकललं.

दादा एका मशीनची मोटर खोलून बसला होता.

“दादा, जरा तुझ्या फोनवर शोध बघू. वर कोण आहे?”

त्याने हात पुसून शोधलं. “मी.”

“तुझं नेट स्लो असेल.”

समोर एक बाई मशीनची चौकशी करायला आल्या होत्या. त्यांना विनंती केली. त्यांच्या फोनवरही दादाच. मग दादाने माझा फोन बघितला आणि हसू दाबत विचारलं, “रोज किती वेळा दाबतोस रे?”

“चाळीसेक.”

“अरे वेड्या, फोनला कळलंय की तुला हेच दुकान आवडतं. तुझ्यापुरतं त्याने वर आणून ठेवलंय.”

म्हणजे मी सगळ्या जगात पहिला होतो. त्या जगाची लोकसंख्या एक होती.

पण मग बाकीचे नऊ जण काय करत होते? घरी आलो तर आत्या आलेली. म्हटलं, “आत्या, रोज करतेस तसं करून दाखव.” तिने शोधलं आणि ठसक्यात पहिलं नाव दाबलं.

“आत्या! हा दादा आहे!”

“हो, माहितीये की. कधीकधी फोनही लावते. गोड बोलतो.”

“दुसऱ्या पानावर जा म्हटलं होतं ना!”

“ह्या वयात कुठे एवढं खाली जाऊ?”

आतून आई म्हणाली, “मीही वरचंच दाबते. फोटोत हसतोय बिचारा.”

अठरा दिवस मी नऊ माणसं राबवली होती, दादासाठी.

महिना संपला आणि मी काचेच्या दाराआड रुजू झालो. दादाने साइटवर आम्हा सगळ्या कारागिरांचे फोटो लावलेत. गिऱ्हाइकाने हवा तो निवडायचा. सगळ्यात वर ‘पहिलवान’ म्हणून एक जण आहे. त्याला जेवायला फुरसत नसते. सगळ्यात खाली मी, सातवा. दादाला म्हटलं, “जरा वर घे ना.” तर म्हणतो, “चांगलं काम कर, लोक शोधत येतील.” (हेही तो बाबांच्याच टेबलावर शिकला.) तीन आठवडे मला कोणी दाबलं नाही. पहिलवानाचा फोन वाजला की मी माझाही काढून बघायचो.

आणि काल दुपारी माझा फोन वाजला! कोणीतरी सहा जणांना ओलांडून, पार तळापर्यंत येऊन मला निवडलं होतं. हातातला पाना टाकून उघडलं. नाव बाबांचं.

म्हातारा एवढं खाली आला, माझ्यासाठी! पहिलवानाला दिसेल असा फोन धरला आणि निरोप मोठ्याने वाचायला घेतला, “तू गेल्या महिन्यात जोडलेला पंखा उलटा फिरतोय. गिऱ्हाईक दुकानात ठाण मांडून बसलंय. ताबडतोब ये. आणि येताना त्या पहिल्या नंबरवाल्याला घेऊन ये.”