तीन सेलांची दणकट बॅटरी

वस्तू पारखून घ्यावी ती मीच, असं सत्तावन्न साली माझं ठाम मत होतं. तेव्हा मी फणसवाडीत राहत होतो, बी. ए. होतो आणि कॉटन ग्रीनच्या एका कापूस कंपनीत हंगामी कारकून होतो. यातलं शेवटचं जरा बोचत होतं. कारण संगमेश्वरहून कांताच्या वडिलांनी कळवलं होतं, "नोकरी कायम झाली, की लग्नाचा मुहूर्त काढू." आणि कायम करायचं की नाही, हे हेडक्लार्क गंगाधरपंत सोमवारी सात नंबरच्या गोदामात माझी परीक्षा घेऊन ठरवणार होते.

त्या गोदामात भर दुपारी स्वतःचा हात दिसत नसे. छपरापाशी एकच झरोका. आत कापूस, त्यामुळे काडी ओढायला बंदी, कंदिलाला बंदी. गासड्यांवर छापलेले मार्के, म्हणजे चित्र आणि आकडा, वाचायचे तर बॅटरीच हवी. शिवाय दिवाळीत माझा मित्र शरच्चंद्र याच्या टोळीबरोबर कर्नाळ्याला तंबू ठोकून राहायचं ठरलं होतं. म्हणजे बॅटरी उजेडाला प्रखर हवी आणि अंगाने दणकट.

शनिवारी काळबादेवीतली चार दुकानं पालथी घातली. चौथ्यात तीन सेलांची मिळाली.

"पडली तर?" मी विचारलं.

"पडू द्या."

"भिजली तर?"

"पुसून घ्या."

इतकं ठाम त्या दिवसांत फक्त शिवाजी पार्कच्या सभेत बोललं जायचं. मी घेतली.

आता आमच्या चाळीची रीत अशी, की नवी वस्तू आधी गॅलरीत यायची, मग घरात. रविवारी सकाळी गिरणीतून निवृत्त झालेल्या कोंडीरामकाकांनी ती हातात तोलली.

"दणकट म्हणतस ना? मग वरसून टाकून बघया."

माझं मत कुणी विचारलं नाही. दुसऱ्या मजल्यावरून ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ अशी घोषणा झाली आणि ‘झालाच पाहिजे’ला काकांनी हात सोडला. बॅटरी फरशीवर आपटली, गडगडली, आणि चालू राहिली. चाळ धन्य झाली. मग ती पाण्याच्या पिंपात बुडवली. पिंप आतून उजळलं.

"आता चालू आहेच, तर माझ्या माळ्यावर बघ रे जरा," शेजारच्या रमाबाई म्हणाल्या. "नथीचा मोती हरवलाय."

"कधी?"

"स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी."

मोती नाही मिळाला. अडकित्ता मिळाला, तो समोरच्यांचा निघाला. मग समोरच्यांना वाटलं, आपल्या माळ्यावरही कुणाचं काहीतरी असेल. दिवेलागणीपर्यंत माझी बॅटरी बावीस माळे हिंडून आली. तिला साधा पोचाही आला नव्हता. सेल नावाची वस्तू संपते, हे मात्र त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही. बी. ए. झालेल्याला तर नाहीच नाही.

सोमवारी सात नंबरमध्ये शिरलो आणि बटण दाबलं. उदबत्तीच्या टोकाएवढा लाल ठिपका आला, आणि माझ्याकडे एकदा बघून गेला.

गंगाधरपंत दारातच, उन्हात, वही उघडून उभे होते. "हं. पहिली थप्पी, वरून खाली. वाचा मार्के."

मला संगमेश्वर दिसायला लागलं, आणि तेही दूर जाताना. मग आठवलं, या थप्प्या गेल्या आठवड्यात मीच हमालांकडून लावून घेतल्या होत्या. डोळे मिटले. उघडे ठेवून तरी काय फरक पडत होता?

"त्रिशूळ, अकरा," मी म्हणालो. "घोडा, चौदा. परत घोडा. कमळ, नऊ."

पंत वहीत बरोबरच्या खुणा करत गेले. चार थप्प्या झाल्या. एक चूक नाही.

"अहो, पण तुम्ही बॅटरी का लावत नाही?"

इथे खरं सांगता आलं असतं. पण वय पंचवीस होतं.

"मला लागत नाही, पंत."

गुरुवारी पत्र आलं. त्यात दोनच ओळी होत्या. पहिली, की मला कायम करण्यात येत आहे. दुसरी, की सदर कारकुनास उजेडाची आवश्यकता नसल्याने सात नंबरचा झरोका बुजवून तिथेही थप्प्या लावाव्यात.

संगमेश्वरला मी पहिलीच ओळ कळवली.