करंजाखालचे तात्याबा

हरणाआत्यानं झुणका-भाकरीचं ताट हात न लावता परत पाठवलं, तेव्हा भाऊसोची खात्रीच पटली की म्हातारी आता आटोपतं घेणार. आत्यानं आयुष्यात नवरा गमावला, पोर गमावलं, झाडून सगळे दात गमावले, पण झुणक्याला कधी नाही म्हटलं नव्हतं.

भाऊसो तिच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला. बाहेर पाऊस नव्हता आणि ऊनही नव्हतं. पितृपंधरवड्यात पाटणच्या बाजूला पडतो तसा मळकट उजेड पडला होता.

"आत्या, डॉक्टरला बोलवू का?"

"कुनाला बोलवू नगंस."

"मग मळ्यात जाऊन ये. तात्याबापशी जरा बसलीस की बरं वाटंल."

आत्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. भाऊसो खरा घाबरला तो ह्यामुळं.

कारण मळ्यातल्या करंजाखाली तात्याबांची समाधी होती, आणि तिथं जाणं हेच आत्याचं खरं जेवण होतं. विसाव्या वर्षाच्या आत विधवा होऊन ती माहेरी परत आली, ती ह्या घरात. ह्या घरातल्या पुरुषांची एक रीत होती. बाई अर्धं वाक्य बोलली की उरलेलं अर्धं आपल्याला कळलंय असं समजून ते "बरं बरं, गप" म्हणत. आत्याचा बाप तसा, भाऊ तसे, आणि आता भाच्याचं राज्य आलं तर तोही तसाच. मग आत्या दुपारची भांडी आवरली की करंजाखाली जाऊन बसायची आणि त्या काळ्या दगडाला सगळं सांगायची. कोण काय म्हणालं, कुठं दुखतंय, गेलेलं पोर आज असतं तर केवढं असतं, सगळं. तात्याबा म्हणजे तिचे आजोबा, भाऊसोचे पणजोबा. ती जन्मायच्या आधीच ते गेले होते. पण गेलेल्या माणसाशी तिचं जेवढं जमलं, तेवढं असलेल्यांशी कधी जमलं नाही. भाऊसोला हे ठाऊक होतं. ह्याला तो पितृभक्ती म्हणत असे आणि चारचौघांत अभिमानानं सांगत असे.

भाऊसो फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला होता. गेल्याच्या गेल्या वर्षी त्याची बायको साळू गेली आणि घर एकदम गप्प झालं. त्या गप्पपणात करायचं काय, म्हणून त्यानं घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. नेमकं त्याच सुमाराला जुनी कौलं काढताना देवघराच्या फळीमागं तात्याबांचं मृत्युपत्र सापडलं. मोडीत लिहिलेलं, आणि ओलीनं दोन्ही कागद पापडासारखे एकमेकांना चिकटलेले.

ते घेऊन भाऊसो थेट सांगलीला गेला. तिथं जिनेंद्र मगदूम नावाचे निवृत्त मास्तर मोडी वाचून देत. मगदूम सर अत्यंत सज्जन आणि त्यामुळं वागायला अवघड. त्यांनी कागद भिंगाखाली धरला.

"वरचा कागद वाचतो. खालचा सुटायला वेळ लागणार. घाई केली तर फाटंल."

"वरचा तर वरचा, सर. सुरुवात हुंद्या."

मगदूम सरांनी घसा साफ करून वाचलं, "ज्याच्या राबण्यावर हे घर उभे राहिले, ज्याने ऊन म्हटले नाही, पाऊस म्हटला नाही, आणि घरात कोणास कधी शब्दाने दुखवले नाही, त्याची समाधी मळ्यातील करंजाखाली बांधावी. दर अवसेस नैवेद्य ठेवावा. वंशाने हे मोडू नये."

भाऊसोचे डोळे भरून आले. म्हणजे समाधी खरी, नैवेद्य खरा, आणि आपला पणजोबा देवमाणूस! त्यानं तिथंच ठरवलं, सर्वपित्री अमावास्येला समाधीचा जीर्णोद्धार करायचा.

"खालचा कागद सुटू द्या की आधी," मगदूम सर म्हणाले.

"खाली काय, जमिनीची वाटणी असंल. ती झालीय कवाच."

मग फौजी शिस्तीत कामं सुरू झाली. काळ्या दगडाभोवती ग्रॅनाइट बसलं. त्यावर मृत्युपत्रातल्या ओळी सोनेरी अक्षरांत कोरल्या. घरात वाचून दाखवल्या तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "कोनास शब्दानं दुखवलं न्हाई? आपल्या घरातला?" पण तिच्याकडं लक्ष द्यायला भाऊसोला वेळ नव्हता. त्याला अर्धपुतळा करायचा होता.

कुपवाडला फायबरचे पुतळे करणारा एक कारागीर होता. त्यानं तात्याबांचा फोटो मागितला. फोटो कुठला असणार? "मग घरातल्या कुनाचंतर त्वांड द्या," तो म्हणाला. भाऊसो फेटा बांधून, छाती काढून स्टुलावर बसला. पुतळा तयार झाला, तांब्याचा रंग दिला, समाधीवर बोल्टांनी आवळला. चुलतभाऊ नाथाजी तो बघायला आला आणि चारी बाजूंनी फिरून म्हणाला, "तात्याबा तुझ्यावर गेल्यात रं हुबेहूब."

पत्रिका वाटल्या, मांडव ठरला, घराण्याच्या इतिहासाची पुस्तिका छापायला दिली. प्रमुख पाहुणे मगदूम सर. आणि पुतळा बसला त्या दिवसापासून आत्या मळ्यात जायची बंद झाली आणि ताटं परत यायला लागली. भाऊसोच्या मनात आलं, म्हातारी बहुतेक हा सोहळा बघण्यापुरती थांबली आहे.

समारंभाच्या आदल्या दिवशी मगदूम सरांचा फोन आला.

"भाऊसो, खालचा कागद सुटला बघा. बसूनच ऐका."

"बसलोय, सर."

"सदर ढवळ्या बैल याने पुरात गाडी ओढून आम्हां सर्वांस काठास लावले आणि प्राण सोडला. समाधी त्याची बांधावी. आमच्या नावाने दगड उभा करू नये. आम्ही तापट मनुष्य. घरच्यांस आमचा जाच पुष्कळ झाला. मेल्यावर तरी त्यांस मोकळे बसू द्यावे."

भाऊसो बसला होता तो उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

"सर... दुसरं काई निघत न्हाई का ह्यातनं?"

"अक्षर फार सुंदर आहे हो. शंकेला जागाच नाही."

"मग उद्या भाषणात पहिल्याच कागदावर बोला. दुसरा सुटलाच न्हाई म्हणा."

मग मगदूम सर दुःखी आवाजात म्हणाले, "आमचा जैनांचा चातुर्मास चालू आहे. खोटं बोलायचं नाही असा नेम घेतलाय मी."

"चातुर्मास कवा संपतोय?"

"दिवाळीला."

"मग सर, तुमी उद्या आला न्हाईसा तर?"

"येतो म्हणून शब्द दिलाय. न येणं म्हणजेसुद्धा खोटंच की."

भाऊसो फोन ठेवून तडक नाथाजीकडं गेला. नाथाजीनं सगळं ऐकलं. आधी त्याचा चेहरा पडला, मग तो हसायला लागला आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

"म्हंजे आपल्या पोरांची जावळं आपुन बैलाफुडं काढली?"

"हळू बोल की."

"लग्नाची पयली पत्रिका बैलाला? माझी थोरली म्हायेरी आली की कुनाच्या पाया पडती, बैलाच्या? आन त्येच्या डोक्यावर आता तुझं डोकं!"

"नाथाजी, माझी लाज जाऊंदे खड्ड्यात. पर आत्याचं काय?" भाऊसोचा आवाज खाली आला. "जलमभर तिनं एकाच ठिकाणी मन मोकळं केलं. त्यो बैल हुता असं भर मांडवात कानावर पडलं तर म्हातारी तिथंच बसंल. आधीच खाईत न्हाई."

नाथाजीचं हसू मावळलं. "मग आजच सांग," तो म्हणाला. "आपल्या मानसाच्या तोंडनं ऐकू दे."

भाऊसो घरी आला. फौजेत असताना जवान गेल्याची बातमी त्याच्या घरी कळवायचं काम त्याच्यावर आलं होतं. तेव्हासुद्धा पाय इतके जड झाले नव्हते. आत्या तशीच भिंतीकडं तोंड करून पडली होती. तो खाटेशी जमिनीवर बसला आणि एकदम सांगून मोकळा झाला. दुसरा कागद, पूर, गाडी, ढवळ्या, सगळं.

आत्या हलली नाही.

"आत्या?"

"बैल व्हय?" भिंतीकडूनच आवाज आला.

"व्हय."

"तात्याबा न्हवंच त्ये?"

"न्हवं."

आत्याचे खांदे गदगदू लागले. भाऊसोला काय करावं सुचेना. स्वयंपाकघरातल्या सुनेला हाक मारावी म्हणून तो उठणार, तेवढ्यात आत्या ह्या कुशीवर वळली. ती हसत होती. दात नसलेलं तोंड भरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तरीच!" ती म्हणाली. "तरीच म्हनलं! ह्या घरातला बाप्या, आन मी येवढं सांगत बसती तर एक डाव बी मला 'गप' म्हनला न्हाई!"

तिनं पदरानं डोळे पुसले.

"मला लई वरसं कोडं पडल्यालं बग. वाटायचं, तात्याबा आपल्या बा-चा बाप, मग येवढा गुनाचा कसा? म्हंजे बैल हुता. बरं झालं बाई. मानूस असता तर कदी ना कदी उलटला असता."

"मग तू जेवत का न्हाईस? मळ्यात का जाईत न्हाईस?"

"कुनाफुडं बोलू?" आत्याचं हसू ओसरलं. "तू तितं त्ये मुंडकं बशिवलंस. त्वांड उघडलं की त्ये डोळं वटारून बगतंय. माझा बा, माझं भाऊ, समदी एकाच मुंडक्यात येऊन बसल्यागत. सांगायचं त्ये घशातच ऱ्हातंय, मग घास कुटनं उतरंल?"

"त्वांड माजं हाय त्ये, आत्या."

"ठावं हाय की. म्हनून तर."

भाऊसो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "तुला काय सांगायचं असंल तर मला सांगत जा की."

"तुला?" आत्या उठून बसली. "बरं, ऐक. साळू गेली त्येच्या आदल्या—"

"आत्या, पर त्येचं काय झालं—"

"बग," आत्या म्हणाली.

भाऊसो उठला, पाना घेतला, एक पोतं घेतलं आणि मळ्यात गेला.

बोल्ट चांगले आवळलेले होते, कारण आवळून घेणारा तोच होता. पुतळा सुटला तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. फायबरचं डोकं आतून पोकळ आणि अगदी हलकं होतं, उगाच भोपळा उचलावा तसं. त्यानं ते पोत्यात घातलं आणि काखेत मारलं. ग्रॅनाइटवरच्या ओळी तो पुन्हा एकदा वाचत उभा राहिला. त्यात एक अक्षर बदलायची गरज नव्हती. उद्या मगदूम सर खरं बोलणार, पाहुणे हसणार, नाथाजी तर वर्षभर पुरवून पुरवून हसणार. हसू देत. पुस्तिकेचं काय करायचं तेवढं त्याला सुचेना.

बांधावर काठीचा आवाज आला. आत्या येत होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी. भाऊसो का कोण जाणे, चोर असल्यासारखा उसाच्या आड झाला.

आत्या दगडापाशी टेकली. फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा झुणक्याला लावून आधी दगडापुढं ठेवला. मग काहीतरी आठवल्यासारखं करून बांधावरचं मूठभर हिरवं गवत उपटलं आणि तेही शेजारी ठेवलं. "आजवर खीर-वडं घातलं तुला," ती म्हणाली, "तू बी काय बोलला न्हाईस." आणि मग ती घास मोडत बोलायला लागली. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं.

"ढवळ्या, साळूचं तुला सांगायचं ऱ्हायलंय बग. कुनालाच सांगितलं न्हाई. गेली त्येच्या आदल्या दिशी ती भाऊसोला म्हनली, छातीत कळ येतीया. ह्यो टीव्ही बगत हुता. म्हनला, पित्त असंल, सोडा घे. तिनं परत म्हनलं. ह्यो म्हनला, कळलं गं, येकदा सांगितलंस की. मग ती माज्यापशी आली आन म्हनली, आत्या, ऱ्हाऊंद्या, त्येंला कशाला तरास..."

तसं नव्हतं, असं उसात उभ्या भाऊसोला ओरडून सांगायचं होतं. दवाखान्यात सकाळी नेणारच होतो. तेव्हा खरंच पित्त वाटलं. आत्याला सगळं ठाऊक नाही. त्यानं तोंड उघडलं.

आत्या बोलतच होती. साळू कशी रात्रभर बसून होती, काय काय म्हणत होती, कुणाकुणाची नावं घेत होती. भाऊसोनं हे कधीच ऐकलेलं नव्हतं.

त्यानं तोंड मिटलं. पोत्यातलं आपलं डोकं ह्या काखेतून त्या काखेत घेतलं आणि तिचं सांगून होईपर्यंत तो तिथंच उभा राहिला.