लूडोचा एकमेव रुग्ण

सरकारी कार्यालयाला उद्दिष्ट आलं की ते पूर्ण करावंच लागतं. मग ते झाडं लावण्याचं असो की व्यसनी शोधण्याचं. छत्रपती संभाजीनगरातल्या एका कार्यालयात ‘मोबाइल गेम व्यसनमुक्ती पंधरवडा’ आला आणि प्रत्येक शाखेनं किमान एक व्यसनी विनाविलंब उपलब्ध करून द्यावा, असं फर्मान सुटलं.

आवक शाखेचे सुदर्शनसाहेब पेचात पडले. शाखा दिवसभर मोबाइलमध्येच असे, पण गेम कुणी खेळेल तर शपथ! मंजुषाताई रील बघत, ते सामान्यज्ञान. अभय ग्रुपवर भांडे, ती जनजागृती. खुद्द साहेब गावभर सुप्रभात धाडत, तो जनसंपर्क. उरला संघपाल. तो बिचारा संध्याकाळी छावणीतल्या घरी चहा घेऊन पाचोडच्या आक्काशी ऑनलाइन लूडो खेळे. आक्का म्हणजे आवडाबाई, त्याची थोरली बहीण. पोरं पुण्याला, गुडघ्यांपायी घराबाहेर पडणं बंद. भावाच्या सोंगट्या मारता मारता ती गावाची खबरबात सांगे, अन् तो जेवला का तेही विचारून घेई. तिला तेवढाच विरंगुळा. आणि खरं सांगायचं तर त्यालाही.

“लूडो हा गेमच ना?” साहेबांनी विचारलं.

“आहे साहेब.”

“मग झालं. अभिनंदन.”

उपचार अर्थातच ॲपवर होते. उठल्याबरोबर प्रसन्न चेहऱ्याचा सेल्फी, दुपारी मनःशांतीचा व्हिडिओ, संध्याकाळी ऐन लूडोच्या वेळेला प्रश्नोत्तरं. प्रत्येक गोष्टीला गुण, आणि गुणांवर शाखेचा क्रमांक. क्रमांक म्हटल्यावर साहेबांच्या अंगातच आलं. लेखा शाखेला मागं टाकायच्या नादात निर्व्यसनी मंडळींनीही ॲप घेतलं आणि जेवणाचे डबे तसेच घरी जाऊ लागले. संघपालचे डोळे लाल झाले, झोप उडाली, तो बायकोवर खेकसू लागला. ॲपनं निदान केलं की व्यसन बळावलं आहे, आणि व्हिडिओ दुप्पट केले.

मग आक्काचा फोन आला. भाऊ खेळायला का येईना, रुसला का, म्हणून ती काळजीत होती.

“रुसलो नाय आक्का. मला लूडोचं व्यसन हाय म्हणं. औषध चालू हाय, मोबाइलवरच घ्यायचं असतंय.”



“आरं, मंग माझ्यासंगं कोण खेळंल?”

संघपालला भरून आलं. त्यानं तिथल्या तिथं ॲप काढून टाकलं आणि डाव मांडला. आक्कानं बघता बघता त्याची सोंगटी मारली. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

इकडं ॲपला संघपाल दिसेनासा झाला. त्याअर्थी रुग्ण पूर्ण बरा, असा निष्कर्ष निघाला आणि शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठरला. मंचावर संघपालनं सरळ सांगून टाकलं, “मी ॲप सोडलं अन् लूडो खेळलो, म्हणून बरा झालो.” सभागृहात एकही मान वर झाली नाही. भाषणाला ॲपवर टाळ्या दिल्या की गुण मिळत होते, त्यामुळं सगळे कामात होते.

इतक्यात त्याच्या खिशात फोन थरथरला. आक्काची खेळी झाली होती. त्यानं शाल सावरत फासा टाकला. ते साहेबांनी पाहिलं आणि त्यांना हायसं वाटलं. पुढच्या पंधरवड्याचा व्यसनी आयताच मिळाला होता.

आणि तुम्ही हे वाचता वाचता मधेच फोनमध्ये डोकावून आलात ना? घाबरू नका. ते सामान्यज्ञानात धरतात.