राघोच्या हाताचा दाखला

नवघरच्या आमच्या हरित-आनंद सोसायटीत गेल्या फेब्रुवारीत एकाच आठवड्यात अकरा चेहरे लाल झाले. त्यातले नऊ सोसायटीच्या बागेतली कोरफड चोळून झाले होते आणि कोरफड ही सामाईक मालमत्ता असल्यामुळे सेक्रेटरी या नात्याने मला दखल घेणं भाग पडलं. शिवाय एप्रिलमध्ये माझ्या मुलीचा, इशिताचा, साखरपुडा होता. तिची त्वचा लहानपणापासून इतकी नाजूक की साबण बदलला तरी गालावर पुरळ उठतं. त्यामुळे या प्रकरणात माझा जीवही गुंतला होता.

तातडीची सभा बोलावली. एका सभासदाच्या डॉक्टर भाचीने फोनवर सांगितलं की कुठलाही लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावावा, एक-दोन दिवस थांबावं, खाज किंवा लाली आली नाही तरच चेहऱ्याकडे वळावं. सभेला हे फारच खटकलं. तळमजल्यावरच्या दिव्याबेन म्हणाल्या, "नेचुरल चीज़ को क्या टेस्ट करना, भाईसाब? झाड़ पे उगता है, फैक्टरी में थोड़ी बनता है." धोतराही झाडावरच उगवतो, हे मी इतिवृत्तात लिहिलं नाही.

नियम मात्र मंजूर झाला. अडचण एवढीच, की दोन दिवस थांबायला कोणालाच वेळ नव्हता. आपल्या हातावर डाग पडला तर काय, असाही मुद्दा निघाला. शेवटी ठराव क्रमांक चार अन्वये सर्व लेपांची चाचणी एकाच हातावर घ्यायचं ठरलं. तो हात वॉचमन राघोचा, कारण तो तसाही दिवसभर बसूनच असतो.

राघो पेणकरपाड्याचा. ठराव ऐकल्यावर तो काहीतरी सांगू लागला. मी त्याला हरकत लेखी द्यायला सांगितलं. त्याला लिहिता येत नाही, त्यामुळे हरकत आली नाही अशी नोंद झाली.

व्यवस्था छान चालली. सकाळी दहाला वाट्या केबिनवर यायच्या. राघोच्या डाव्या हातावर मी बॉलपेनने चौकोन आखून त्यात फ्लॅट नंबर टाकायचो. कडुनिंब, पपई, हळद, लिंबू, सगळं रांगेने लागायचं. दुसऱ्या दिवशी हात तपासून मी 'चेहऱ्यास सुरक्षित' असा शिक्का मारायचो. दोन महिन्यांत एकही लेप नापास झाला नाही. इतका निकाल दहावीचाही लागत नाही. कीर्ती पसरली आणि शांती नगरच्या एका सोसायटीने राघोला दर शनिवारी प्रतिनियुक्तीवर मागून घेतलं.

चेहरे लाल व्हायचे मात्र थांबेनात. समितीने अभ्यास केला. लेप तर उत्तीर्ण आहेत, तेव्हा दोष चेहऱ्यांचा, हे उघड होतं. सभासदांनी आपले चेहरे विहित दर्जाचे ठेवावेत, अशी सूचना लिफ्टमध्ये लागली.

साखरपुड्याच्या आठवड्यात माझ्या बायकोने, अंबिकाने, कोरफड, लिंबू आणि दालचिनी वाटून लेप केला. गुरुवारी त्यावर शिक्काही बसला. इशिता म्हणाली, "बाबा, मी आधी माझ्याच हातावर लावून बघते. रविवारपर्यंत वेळ आहे."

"इशू, सेक्रेटरीच्या घरातच शिक्का चालत नाही, असं म्हणतील गं लोक," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि शनिवारी संध्याकाळी माझ्या अब्रूसाठी तो लेप चेहऱ्याला लावला. त्या क्षणी मला अभिमान वाटला होता. आता लाज वाटते.

दहा मिनिटांत कानापासून हनुवटीपर्यंत आग पेटली. अंबिका रडत रडत साध्या पाण्याने तिचा चेहरा धूत राहिली आणि मी तरातरा केबिनवर गेलो. राघो नुकताच शांती नगरहून परतला होता. तुझ्या हाताला काही कसं झालं नाही, असं मी विचारलं.

"सायेब, मना कशानच काय व्हत न्हाय," तो शांतपणे म्हणाला. "तीस वर्सा मिठागरान काम क्येलाय. इंचू चावला त इंचूच मरल."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत व्हतू. तुमीच बोल्लाव, लिवून दे."

रविवारी इशिता मेकअप न करता, टोमॅटोसारखा चेहरा घेऊन हॉलवर आली. थोड्या वेळाने होणारे जावई नीरजराव आले, ते तिच्याहून लाल. त्यांच्या आईने आदल्या दिवशी शांती नगरचा शिक्का असलेला पपईचा लेप त्यांना चोळला होता. दोघं एकमेकांकडे बघून इतकी हसली की भटजींना थांबावं लागलं. फोटो पाहून नातेवाईक म्हणतात, दोघंही किती लाजलीत. यापुढे स्वतःच्या हातावर दोन दिवस लावून बघितल्याशिवाय तोंडाला काहीही फासायचं नाही, हा त्यांच्या संसाराचा पहिला ठराव तिथेच एकमताने मंजूर झाला.

चाचणी बंद करण्याचा माझा ठराव मात्र सत्तावीस विरुद्ध एक असा फेटाळला गेला. आता तर कंपन्यांकडूनही डबे येतात. राघोच्या हातावर चौकोन पुरत नाहीत, म्हणून पायही मंजूर झाले आहेत.

परवा तुम्ही मोबाइलवर ती झाडपाल्याची क्रीम मागवलीत ना? खाली पावणेपाच तारे, आणि अजिबात त्रास झाला नाही, असं सांगणारे नऊ हजार अभिप्राय. ते सगळे खरे आहेत, शिक्के मीच मारलेत. फक्त माणूस एकच आहे.