टोकापासून पायरीपर्यंत

आधीच सांगून ठेवतो, मी काढलेल्या फोटोत आजवर कुणाचंही डोकं कापलं गेलेलं नाही. कान दोन्ही येतात, खांदे सरळ येतात आणि चेहरा असा येतो की पासपोर्ट देणारा साहेबही दोनदा बघेल! माझा फोटो स्टुडिओ लहान असेल, पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही.

हे सगळ्यांना पटतं, फक्त माझ्या मेहुण्याला पटत नाही. तो मोबाईल विकतो. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तेव्हा मी शटर ओढावं आणि जागा त्याला द्यावी, असं त्याचं म्हणणं. बायको भावाची बाजू घेत नव्हती, पण हल्ली माझीही घेत नव्हती. रिकामं दुकान तिलाही दिसत होतं.

त्यामुळे सहलीत एक जगप्रसिद्ध कॅथेड्रल, म्हणजे भलंमोठं चर्च, बघायचं ठरलं, तेव्हा मी जेवताना जाहीर करून टाकलं. मनोऱ्याच्या टोकापासून खालच्या पायरीपर्यंत अख्खं कॅथेड्रल आणि त्याच्यापुढे अख्खं कुटुंब, एकाच फोटोत!

"आणि नाही जमलं तर, भावोजी?" मेहुण्याने विचारलं.

"तर दुकानाची किल्ली तुझी."

"आणि जमलं, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी हातातला घास ताटात परत ठेवला. माझी आई मात्र शांतपणे म्हणाली, तो म्हणतोय म्हणजे काढेल.

दुसऱ्या दिवशी कॅथेड्रलसमोर जाऊन उभा राहिलो. इतका दगड, पण वर जाता जाता नुसता विणल्यासारखा होत गेलेला. पन्हाळींच्या टोकांची दगडी जनावरं आमच्याकडे बघून तोंड वासून बसलेली. मान मागे टाकता टाकता आईच्या अंबाड्याची पिन पडली, तरी मनोरा काही संपेना.

मी सगळ्यांना दारासमोरच्या पायरीवर तिरक्या ओळीने, तोंडं माझ्याकडे करून उभं केलं. दाराजवळ मेहुणा, त्याच्यामागे आई, मग बायको, मग मुलगी. कॅमेरा डोळ्याला लावला तर मेहुण्याची हनुवटी आणि दरवाजाची बिजागरी दिसली. तेव्हा लक्षात आलं की जन्मभर ज्या लेन्सने पासपोर्ट फोटो काढले, तीच मी इमानदारीत सोबत आणली होती. तिला एक चेहरा पुरतो, कॅथेड्रल पेलत नाही.

"चौक जरा लहान आहे," मी म्हणालो.

"नाचता येईना..." मेहुणा एवढंच म्हणाला आणि पुढचं त्याने गिळलं.

माझं डोकंच फिरलं. मी स्टुडिओतल्या आवाजात हुकूम सोडला: हनुवटी खाली, डोळे उघडे, मी सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही! आणि कॅमेरा डोळ्याला लावून उलटा चालू लागलो. कारंजं गेलं, बाकं गेली, रस्ता गेला, एका सायकलवाल्याच्या शिव्या गेल्या. दर वेळी मनोऱ्याचं टोक तेवढं बाहेर राहत होतं. शेवटी पाठीने एक दार उघडलं, गुडघ्यामागे खुर्ची लागली आणि मी मटकन बसलो.

ते न्हाव्याचं दुकान होतं. मी वळेपर्यंत त्याने माझ्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलंसुद्धा! मला घाई आहे म्हटल्यावर तो दुप्पट वेगाने गालावर फेस फासू लागला. अर्धं तोंड भरल्यावर त्याला माझी अडचण कळली. माणूस दिलदार निघाला. वर त्याची आई राहते, तिच्या गॅलरीतून सगळं दिसतं, असं सांगून त्याने मला तसंच जिन्याकडे ढकललं.

आजीबाईंनी दार उघडलं, माझ्या खांद्यावरची बॅग बघितली आणि मनगट धरून मला थेट स्वयंपाकघरात नेलं. नळ गळत होता आणि त्या सकाळपासून प्लंबरची वाट बघत होत्या. अर्धी दाढी टाकून धावत आलास, याला म्हणतात काम, असं त्यांनी माझं कौतुकही केलं. इतकं कौतुक दुकानात बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. मी कॅमेऱ्याचा पट्टा काढून नळाला करकचून आवळला आणि गॅलरीत धावलो.

तिथे ते होतं. टोकापासून पायरीपर्यंत, अख्खं!

कुटुंबही होतं. पण त्यांच्यामागे पायऱ्यांवरून थेट चौकापर्यंत माणसांची रांग होती. चार माणसं एकामागे एक, हनुवटी खाली घालून, दारासमोर हलत नाहीत म्हटल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याने हीच आत जायची रांग समजून मागे नंबर लावला होता. मी गळ्यातलं कापड सोडून जोरजोरात हलवलं. बायकोने वर बघितलं आणि लगेच मुलीचं तोंड दुसरीकडे वळवलं. फेस फासलेला वेडा चादर हलवतोय, त्याच्याकडे बघू नकोस, असं ती म्हणाली होती म्हणे. मी हाका मारायला तोंड उघडलं आणि नेमक्या घंटा वाजू लागल्या.

तेवढ्यात कॅथेड्रलचं दार उघडलं. पहारेकऱ्याने रांगेला आत यायची खूण केली. पहिला नंबर मेहुण्याचा. त्याने पाय उचललासुद्धा! माझ्या डोळ्यांपुढे दुकानाची किल्ली नाचू लागली.

आणि आईने त्याचा शर्ट मागून घट्ट धरला. "त्याने सांगितल्याशिवाय नाही," ती म्हणाली म्हणे. मग वळून तिने मागच्या सगळ्या रांगेला स्वतःच्या हनुवटीला बोट लावून दाखवलं: खाली. जिला माझा शब्द खरा वाटतो अशी एक तरी व्यक्ती त्या चौकात उभी होती. अभिमानाने माझा ऊर भरून आला आणि मी बटण दाबलं.

फोटो काय आलाय म्हणून सांगू! मनोरा पुरा, कुटुंब पुरं आणि अख्ख्या रांगेची हनुवटी खाली. फक्त मेहुण्याचे डोळे मिटलेले. फोटो बघून त्याने गुपचूप हात जोडले. बायको कितीतरी वेळ कॅमेऱ्यातून मान वर काढेना, मग म्हणाली, "राहू दे हो आपलं दुकान."

घरी येताच मी तो फोटो मोठा करून शोकेसमध्ये लावला. पहिलंच गिऱ्हाईक काचेला नाक लावून उभं राहिलं. मी छाती पुढे काढून बाहेर आलो.

"मागचा पडदा कुठून रंगवून आणलात?" त्याने विचारलं.

मी शपथेवर सांगितलं की तो पडदा नाही, खरं कॅथेड्रल आहे. तो हसला. इतकी माणसं कुठे अशी सरळ रांगेत उभी राहतात का, म्हणाला, पण पडदा झकास आहे, त्याच्यापुढे आमचाही सहकुटुंब काढा.

त्याच्यामागोमाग आणखी लोक आले. सगळ्यांना तोच पडदा हवा! शेवटी मी नाइलाजाने एक पडदा रंगवून घेतला. आता दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मेहुणासुद्धा त्याच्यापुढे डोळे टक्क उघडे ठेवून फोटो काढून गेला.

खरा फोटो मात्र शोकेसमधून काढावा लागला. पडद्याच्या फोटोशेजारी तो अगदीच खोटा वाटत होता.